निर्गुडी, भांग आणि हॉस्टेलची पुडी

गेल्या महिन्यात तंबाखूवर लिहिताना गांजाचा उल्लेख एका ओळीत आला होता. त्या एका ओळीवर आलेली पत्रं तंबाखूवरच्या पत्रांपेक्षा जास्त निघाली. वाई, कराड, माण, विटा, तासगाव, जत, सगळीकडून. बहुतेकांनी खाली नाव घातलेलं नाही. ज्यांनी घातलं आहे त्यांचंही मी छापत नाही. एका गृहस्थांनी तर पाकिटात पान चिकटवून पाठवलं आहे. सुरुवात त्यांच्यापासूनच करतो, कारण त्यांना दोन रात्री झोप नाही.

प्रश्न : माझ्या बांधावर आजोबांच्या काळापासून झुडपं आहेत. परवा पुण्याचा पुतण्या आला, त्याने मोबाईलवर फोटो ताडून पाहिला आणि म्हणाला, "काका, हा तर गांजा." शेजाऱ्याशी बांधावरून आधीच कोर्टकचेरी चालू आहे. त्याने तक्रार केली तर म्हातारपणी बेड्या पडतील. रातोरात तोडून पेटवून देऊ का? सोबत पान पाठवत आहे. (शेतकरी, तासगाव तालुका)

उत्तर : काका, आज रात्री निवांत झोपा. तुमचं पान निर्गुडीचं आहे. पोस्टात तीन दिवसांत ते वाळून कुरकुरीत झालं आहे, पण ओळख शिल्लक आहे. एका देठावर तीन ते पाच पानोळ्या, कडा गुळगुळीत, वरून काळपट हिरवा आणि उलटं केलं की राखेसारखा पांढुरका रंग. बोटांत चुरडल्यावर जो वास आला त्याने मला आजीच्या गुडघ्याचा शेक आठवला. बांधावरच्या झुडपाला निळसर जांभळे तुरे येत असतील, तर शंकेला जागाच नाही.

गांजाच्या झाडाला पानोळ्या बहुधा पाच ते सात, कधी नऊ, आणि प्रत्येकीची कड करवतीसारखी दातेरी असते. शेंड्याकडचा भाग बोटांना चिकटतो, वास उग्र असतो आणि फुलाला नाव घेण्याजोगी पाकळी नसते. आपल्या भागात आणखी एका झाडावरून असाच घोटाळा होतो, ते म्हणजे अंबाडी. तिचं पान भांगेच्या पानासारखं फाटलेलं दिसतं म्हणून तिच्या शास्त्रीय नावातच 'कॅनॅबिनस' (भांगेसारखी) हा शब्द आहे. पण अंबाडीचं पान आंबट लागतं, आणि फूल पिवळं, मध्यभागी गडद तांबडं असतं. ज्याची भाजी आपण भाकरीबरोबर खातो त्याला घाबरायचं कारण नाही.

एक विनंती मात्र सगळ्यांनाच. पानं पोस्टाने पाठवू नका. एखादं खरं निघालं, तर तुम्ही, मी आणि पोस्टमन असे तिघेही पंचनाम्यात येऊ. तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात फोटो दाखवा, तेवढं पुरतं.

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत बॅग धुवायला काढली तर आतल्या कप्प्यात वाळल्या पाल्याची पुडी आणि पातळ कागद सापडले. विचारलं तर म्हणतो, "आई, हे नैसर्गिक असतं, आयुर्वेदातसुद्धा आहे, दारूपेक्षा बरं." त्याच्या बाबांना अजून सांगितलेलं नाही, त्यांना बीपी आहे. माझं कुठे चुकलं? मुलगा हातचा गेला का? (एक आई, कराड)

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलं असं पत्रावरून तरी मला दिसत नाही, आणि मुलगा हातचा गेलेला नाही. तो तुमच्याशी वाद घालतो आहे. ही चांगली खूण आहे. जो खोटं बोलून उठून जातो, त्याची काळजी मला जास्त वाटते.

आधी त्याच्या म्हणण्यातलं खरं काय ते पाहू. झाड नैसर्गिक आहे, हे खरं. आयुर्वेदात ते 'विजया' या नावाने आहे, हेही खरं. जातिफलादि चूर्णात ती असते. पण तिथे ती शुद्ध करून, मोजून, ठरावीक दुखण्यावर देतात, आणि आपल्या औषध नियमांत भांग ही वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. शिवाय महादेवाच्या पूजेत भांगेच्या शेजारीच धोतऱ्याचं फळ ठेवलेलं असतं. तेही नैसर्गिकच, पण कुणी त्याची भाजी करत नाही.

आता भीतीतलं खरं किती? ओढणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही. ढोबळ अंदाज असा आहे की, कधी ना कधी घेणाऱ्या दहांतला एक जण त्यात अडकतो; मात्र सुरुवात कुमारवयात झाली तर सहांतला एक. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून या वयात रोजची सवय स्मरणशक्तीला, एकाग्रतेला आणि उत्साहाला कुरतडते. तुमच्याकडे पाहण्यासारख्या गोष्टी चार आहेत. मागे राहिलेले विषय, बदललेली झोप, जुन्या मित्रांशी तुटलेला संबंध आणि पैशांचा न लागणारा हिशोब. नुसते लाल डोळे पाहून काही ठरवू नका, परीक्षेच्या दिवसांत ते सगळ्यांचेच लाल असतात. आणखी एक गोष्ट मुलं सांगत नाहीत, कदाचित त्यांच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे गांजा बहुधा सिगारेटच्या तंबाखूत मिसळून ओढतात. त्यामुळे पुष्कळदा मुलगा 'गांजा सुटत नाही' म्हणतो, तेव्हा न सुटणारी वस्तू तंबाखू असते.

त्याच्याशी बोलताना पुडी समोर ठेवून उलटतपासणी घेऊ नका. "कधीपासून" यापेक्षा "कशासाठी" हा प्रश्न विचारा. झोप येत नाही, एकटं वाटतं, मित्रांत हसं होतं, यांपैकी काही उत्तर आलं तर खरं बोलणं तिथून सुरू होईल. रोज घेत असेल आणि सोडायला तयार झाला, तर पहिल्या एकदोन दिवसांपासून चिडचिड, अनिद्रा आणि अन्नावरची वासना जाणं असा त्रास होतो. साधारण दोन आठवड्यांत तो ओसरतो. दारू एकदम सोडताना जिवाला धोका होऊ शकतो, तसा इथे सहसा नसतो. रोजची सवय असेल, वर्ष वाया गेलं असेल किंवा तो उदास, संशयी वागत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. पुण्यात १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण आहे, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली परिवर्तन संस्था आहे. घरातून फोनवरच विचारायचं असेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा क्रमांक आहे. आणि बाबांना सांगा. बीपी असलेल्या माणसाला महिनाभर चाललेली कुजबुज जास्त सोसत नाही.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे, वाईचा. इंटरनेटवर 'स्कंक', 'नॉर्दर्न लाइट्स' अशा प्रसिद्ध जातींबद्दल वाचलं. मित्र म्हणतो, इंडिकाने झोप लागते, सॅटिव्हाने तरतरी येते. बिया बाहेरून मागवता येतात म्हणे, आणि बी कायद्यात बसत नाही. गच्चीवर चारच कुंड्या लावल्या तर खरंच काही होईल का? माती, दिवे, खत यांचंही सांगाल का? घरी विचारू शकत नाही.

उत्तर : घरी विचारता येत नाही ते इथे विचारलंत, बरं केलंत. शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. माती, दिवे, खत यांचं मी सांगणार नाही. कारण लपवत नाही. त्या चार कुंड्यांची किंमत तुम्हाला कुणी नीट सांगितलेली दिसत नाही.

१९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा 'गांजा' म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे असं म्हणतो, आणि शेंड्यांशिवायच्या बिया आणि पानं त्यातून वगळतो. तुमचा मित्र इथपर्यंत बरोबर आहे. पण तोच कायदा झाड लावण्यालाच बंदी करतो, त्यात संख्येची सूट नाही. बी मातीत गेलं की विषय बदलतो, आणि लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. परदेशातून कुठलंही बी आणायला वनस्पती विलगीकरणाचे (बाहेरची कीड-रोग रोखण्याचे) नियम आहेत, ते वेगळेच. तुमच्याच वाईत २०२१ मध्ये एका घरात चालवलेल्या लागवडीवरून दोन जर्मन नागरिकांना पोलिसांनी अटक केली होती, हे तुम्ही गावात ऐकलंच असेल. घराच्या चार भिंती त्यांना लपवू शकल्या नाहीत, तुमची तर उघडी गच्ची.

आता जातींबद्दल, कारण हा भाग मला स्वतःलाही आवडतो. लिनियसने १७५३ मध्ये युरोपातल्या दोरखंडाच्या झाडाला 'सॅटिव्हा' नाव दिलं. पुढे १७८५ मध्ये लामार्कने भारतातून गेलेले नमुने पाहिले, ते वेगळे वाटले, म्हणून त्यांना 'इंडिका' म्हटलं. म्हणजे इंडिका हा शब्द मुळात आपल्याकडच्या उंच, अरुंद पानांच्या झाडाचा. आजच्या बाजारात मात्र हिंदुकुश पर्वतातलं बुटकं, रुंद पानांचं झाड इंडिका म्हणून विकतात, आणि आपल्या दख्खनच्या उंच झाडाला सॅटिव्हा म्हणतात! ज्या पाटीवर नावंच उलटी लिहिली गेली, त्या पाटीवरून झोप आणि तरतरी ठरवायची कशी? परिणाम ठरतो तो टीएचसी (झिंग आणणारं मुख्य रसायन) किती आहे, सीबीडी (झिंग न आणणारं दुसरं रसायन) किती आहे, किती घेतलं, सवय किती आणि त्या वेळी मन कसं होतं, यांवरून. एकाच पुडीतून ओढलेल्या दोघांतला एक हसत सुटतो आणि दुसरा भिंतीला चिकटून बसतो, हे माझ्या दवाखान्यात नेहमी ऐकायला मिळतं.

'स्कंक' हा प्रकार १९७० च्या दशकात अमेरिकेत तयार झाला. त्यात अफगाण, मेक्सिकन आणि कोलंबियन वाणांचा संकर आहे. अफगाण रक्तामुळे झाड बुटकं राहिलं आणि फुलोरा लवकर आला, उष्ण देशांतल्या वाणांमुळे झिंग आली. पुढे हॉलंडमधल्या बियाणेवाल्यांनी ते जगभर नेलं. फुलोऱ्यावरच्या बारीक ग्रंथींत राळ साठते आणि टीएचसी त्या राळेत असतं. ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं मेशुलाम आणि गाओनी या इस्रायली शास्त्रज्ञांनी, १९६४ मध्ये. मादी झाडाला परागकण मिळाले नाहीत की ते बी धरत नाही आणि राळ वाढवतं, ही गोष्ट मात्र हॉलंडच्या आधी आपल्याकडे ठाऊक होती. बंगालमधल्या नौगाव भागात इंग्रज अमदानीत परवान्याने गांजा पिकवत, तिथे शेतातली नर झाडं ओळखून उपटणारा 'पोद्दार' नावाचा खास माणूस असे.

अमेरिकेत जप्त केलेल्या मालाच्या तपासणीत १९९५ च्या सुमाराला टीएचसी सरासरी चार टक्के होतं, २०१४ पर्यंत ते बारा टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणून "पूर्वीचे बुवा जन्मभर ओढायचे, त्यांना काय झालं" हा दाखला आजच्या संकरित मालाला लागू पडत नाही. तिप्पट कडक दारूला कुणी तीच दारू म्हणत नाही. तुम्हाला झाडांचीच आवड असेल, तर वनस्पतिशास्त्र शिका. मी चेष्टा करत नाही.

प्रश्न : महाशिवरात्रीला शिखर शिंगणापूरला गेलो होतो. ओळखीच्यांनी थंडाई दिली. अर्धा तास काही वाटलं नाही म्हणून अजून एक पेला घेतला. मग जे झालं ते सांगता येत नाही. छाती धडधडली, वेळ पुढे सरकेना, मी मरतोय अशी खात्री झाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड. वय ६१, बीपीची गोळी चालू आहे. मेंदूला किंवा हृदयाला कायमचं काही झालं असेल का? (साताऱ्याहून)

उत्तर : कायमचं काही झालं असण्याची शक्यता फार कमी आहे. तुम्हाला त्या दुसऱ्या पेल्याने फसवलं. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. प्यायलेली भांग पोटातून यकृतात जाते, तिथे टीएचसीचं आणखी जोरकस रूप तयार होतं आणि मग ते रक्तात उतरतं. याला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. पहिला पेला वाटेत असतानाच तुम्ही दुसरा पाठवलात. उतरायलाही सहा-आठ तास किंवा जास्त लागतात, आणि थंडाईत दूध-बदाम असल्याने ते अधिकच रेंगाळतं. 'मी मरतोय' ही खात्री म्हणजे भीतीचा झटका (तीव्र घबराटीची लाट) होता. अशा वेळी शांत, अंधुक खोलीत ओळखीच्या माणसाजवळ कुशीवर पडून राहणं आणि घोट घोट पाणी पिणं, एवढंच करायचं असतं. लिंबू, ताक, लोणचं यांनी उतरते असं म्हणतात. द्यायला हरकत नाही, पण माणूस पूर्ण शुद्धीत असेल तरच.

मात्र वय आणि बीपी लक्षात घेता एकदा हृदयाचा आलेख काढून घ्या आणि डॉक्टरांना खरं कारण सांगा. भांगेने नाडी जोरात चालते आणि उठून उभं राहताना रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ, बेशुद्धी यांपैकी काही झालं, तर भांग असो वा नसो, थेट रुग्णालय गाठायचं. बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडं ठक्क, अंग तापलेलं आणि माणूस हवेत काहीतरी वेचतो आहे, असं दिसलं तर त्यात धोतरा मिसळला आहे असं समजा आणि एक मिनिट घालवू नका.

जाता जाता, भांगेची पानं केंद्राच्या कायद्यात 'गांजा' नसली तरी आपल्या राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांग येते. राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात परवान्याची दुकानं दिसतात म्हणून इथेही चालतं, असं नाही.

प्रश्न : मी मुंबईत नोकरी करतो. जतकडची जमीन खंडाने दिली आहे. उसाला तोड आली तेव्हा मधल्या सरीत वीस-पंचवीस झाडं गांजाची निघाली असं मुकादमाने फोनवर कळवलं. तो म्हणतो, "साहेब, गप्प उपटून टाकू, कुणाला कळतंय." सातबारा माझ्या नावावर. काय करू?

उत्तर : मी डॉक्टर आहे, वकील नाही, हे उत्तर एका फौजदारी वकील मित्राकडून वाचून घेतलं आहे, तरी तुम्ही आजच स्वतःचा वकील गाठा. मुकादमाचा सल्ला प्रेमाचा असेल, पण धोक्याचा आहे. उपटून टाकली तर तुम्हाला ती माहीत होती हे सिद्ध होतं, आणि ती तुमची नव्हती हे सिद्ध करायला हातात काही उरत नाही. आपल्या जमिनीत अशी झाडं आहेत हे समजताच मालकाने पोलिसांना कळवायचं, असं १९८५ च्या कायद्याचं ४६ वं कलम सांगतं. जाणूनबुजून न कळवणं हाच गुन्हा. गावच्या सरपंचावर आणि इतर गावकामगारांवरही अशीच जबाबदारी ४७ व्या कलमाने टाकली आहे. तेव्हा वकिलाला बरोबर घेऊन लेखी कळवा, पोच घ्या, झाडांना हात लावू देऊ नका, खंडाचा कागद शोधून ठेवा. तोंडी खंड असेल तर पैसे पोचल्याच्या बँकेतल्या नोंदी काढा.

या कायद्यात आरोपीला ठाऊक होतं असं न्यायालय आधी गृहीत धरतं आणि नव्हतं हे दाखवणं आरोपीवर येतं. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प', वीस किलोच्या वर 'व्यापारी' धरतात, आणि व्यापारी प्रमाणात जामीन अवघड होतो. उंच उसात मधल्या सऱ्या कुणालाच दिसत नाहीत, म्हणूनच लावणारे ऊस निवडतात. पोलिसांनाही हे ठाऊक असतं.

प्रश्न : धाकटा भाऊ २१ वर्षांचा. दोन वर्षं गांजा ओढतो. तीन आठवड्यांपासून म्हणतो, टीव्हीतली माणसं माझ्याबद्दल बोलतात. रात्रभर जागा, जेवणात विष घातलंय म्हणतो. आई त्याला देवऋष्याकडे घेऊन गेली, त्याने करणी सांगितली. मी काय समजू, गांजा की करणी? (एक बहीण, आटपाडी)

उत्तर : हे आजारपण आहे, आणि यावर उपचार आहेत. याला मनोविभ्रम (खऱ्याखोट्याची सीमा पुसली जाणं) म्हणतात. या अंकाची वाट न पाहता याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. मिरज आणि सांगलीच्या शासकीय रुग्णालयांत ही सोय आहे. तो स्वतःला किंवा कुणाला इजा करण्याचं बोलू लागला, तर आजच. रात्री-बेरात्री बोलायचं झालं तर १४४१६ ही सरकारची मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा आहे.

दोष कुणाचा, याचं उत्तर एका शब्दात नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी, १८९३-९४ मध्ये, इंग्रज सरकारने गांजा-भांगेवर मोठा आयोग नेमला होता. हजारावर साक्षी झाल्या. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतली दप्तरं उघडली, तेव्हा दिसलं की दाखल करणारा शिपाई किंवा कारकून कारणाच्या रकान्यात सरळ 'गांजा' लिहून मोकळा होई. चौकशी केल्यावर त्यांतल्या बऱ्याच नोंदी टिकल्या नाहीत. तेव्हा सगळं गांजावर ढकलत, आता उलटी चूक होते, 'गांजाने काही होत नाही' म्हणतात. आजची माहिती अशी की लहान वयात सुरुवात, रोजची सवय, कडक माल आणि घराण्यात अशा आजाराचा इतिहास हे एकत्र आले की धोका स्पष्टपणे वाढतो. काहींचा त्रास गांजा थांबल्यावर काही दिवसांत निवळतो, काहींत तो पुढे येणाऱ्या दीर्घ आजाराची पहिली खूण असतो. दोघांतला फरक आज दारात उभं राहून मलाही सांगता येणार नाही, त्याला काही महिने पाहावं लागतं.

आईला बोल लावू नका. लेकरू ओळखीचं राहिलं नाही की आई जिथे दार दिसेल तिथे धावते. देवाला नारळ ठेवायचा असेल तर ठेवू द्या, फक्त मारणं, धुरी देणं, बांधून ठेवणं होऊ देऊ नका, आणि गोळ्या चुकवू देऊ नका. त्याच्या संशयाशी वाद घालून उपयोग नाही. "तुला भीती वाटतेय, मी इथे आहे", एवढं पुरेसं असतं. जेवण त्याच्यासमोर एकाच भांड्यातून दोघांना वाढा.

प्रश्न : आईला कर्करोग, केमो चालू आहे. अमेरिकेतल्या जावयांनी 'सीबीडी ऑइल' पाठवतो म्हटलं आहे. इकडे ऑनलाइनवर 'हेम्प ऑइल' तीनशे रुपयांतही मिळतं. कुणी म्हणतं याने गाठ विरघळते. द्यावं का?

उत्तर : गाठ विरघळते याला माणसांवरच्या प्रयोगांचा आधार नाही. त्या आशेवर केमोची एकही तारीख पुढे ढकलू नका. केमोच्या उलट्यांवर टीएचसीपासून केलेली औषधं काही देशांत वापरतात, लहान मुलांच्या काही हट्टी फिट्सवर सीबीडीचं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालं. खरा उपयोग असा मर्यादित आणि नेमका आहे.

तीनशे रुपयांचं तेल बियांचं असतं. बियांत झिंग आणणारं द्रव्य नगण्य असतं, आणि आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये भांगेचं बी, तेल आणि पीठ यांना खाद्य म्हणून मान्यता दिली आहे. जवसाच्या तेलासारखं समजा: चांगलं अन्न, वेदनेवरचं औषध नव्हे. सीबीडी ऑइल निराळं. रक्त पातळ करणाऱ्या आणि फिट्सच्या गोळ्यांशी त्याचं पटत नाही, म्हणून कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थेंबही नको. आणि जावईबापूंना ते पार्सलमध्ये घालू नका म्हणावं, कस्टममध्ये त्यांचीच पंचाईत व्हायची. आईला दुखत असेल तर डॉक्टरांना वेदनाशमनाबद्दल (दुखणं कमी करण्याच्या खास उपचारांबद्दल) स्पष्ट विचारा. मॉर्फिनला घाबरून वेदना सोसणारी माणसं मी फार पाहिली आहेत.

प्रश्न : भरतीची तयारी करतोय. खोलीतले दोघे ओढतात, मी नाही. त्यांच्या धुराने माझ्या लघवीत सापडेल का? (सातारा)

उत्तर : खिडकी उघडी असेल तर जवळजवळ नाही. टीएचसी चरबीत मुरतं, म्हणून कधीमधी ओढणाऱ्याच्या लघवीत तीन-चार दिवस आणि रोज ओढणाऱ्याच्या महिनाभरही सापडतं. दुसऱ्याचा धूर बंद खोलीत तासभर कोंडून घेतला तरच थोडी शंका. तरी खोली बदला. भीती तपासणीची कमी आणि छाप्याची जास्त आहे: पुडी कुणाच्या पलंगाखाली सापडली हे आधी लिहिलं जातं, कुणाची होती ते नंतर.

प्रश्न : वय ७८, माण तालुका. चाळीस वर्षं मठात संध्याकाळी चिलीम घेतो. कुणाला त्रास दिला नाही, एक दिवस काम चुकवलं नाही. आता खोकला सुटत नाही, आणि पुढच्या महिन्यात मिरजेला हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. सून शिकलेली आहे, तिला ठाऊक नाही. या वयात सोडून काय मिळणार?

उत्तर : बाबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चाळीस वर्षांच्या संध्याकाळी एका वाक्यात मोडीत काढायचा मला अधिकार नाही. पण दोन गोष्टी ऐका.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला आहे, तेव्हा थुंकी तपासून घ्या. एकच चिलीम, एकच ओली साफी, हातोहात फिरणारी. तिच्यावरून दम घेताना क्षयाचा जंतूही फिरतो. ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. क्षय निघाला तर मठातल्या बाकीच्यांनीही तपासून घ्यायला हवं, हे तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. माझं ऐकणार नाहीत. छातीचा फोटोही काढा, कारण चिलमीत तंबाखू असतोच.

दुसरी गोष्ट ऑपरेशनची. गांजा रोज घेणाऱ्याला भूल कमी-जास्त लागते, नाडी आणि श्वासनलिका नेहमीसारख्या वागत नाहीत. म्हणून भूलतज्ज्ञांना (ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना) चाळीस वर्षांचं खरं सांगायचं: रोज किती वेळा, शेवटची कधी. ऑपरेशनआधी काही आठवडे बंद ठेवता आली तर उत्तम; ऑपरेशननंतर खोकला जितका कमी, तितका टाका शाबूत. डॉक्टर तुम्हाला हसणार नाहीत, पोलिसांनाही कळवणार नाहीत. आणि सुनेसमोर बोलायला अवघड वाटलं, तर डॉक्टर नाव विचारायला लागले की तिला म्हणा, "पोरी, खालून जरा चहा घेऊन ये," आणि ती जिना उतरेपर्यंत सांगून टाका.